आधी भूलतज्ज्ञ शोधा, मग जागा

तालुक्याच्या गावी स्वतःचं रुग्णालय चालवणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांना काय विचारावंसं वाटतं, ते कळवा, असं आम्ही वाचकांना म्हटलं होतं. आलेल्या पत्रांपैकी काही निवडून त्यांची उत्तरं देत आहेत नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा इथल्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ. नाव छापू नये ही त्यांची एकच अट होती.

प्रश्न : मी पुण्यात स्त्रीरोगशास्त्रात एम.एस. करते आहे, नवरा बालरोगतज्ज्ञ आहे. मोठ्या रुग्णालयात नोकरी करण्यापेक्षा तालुक्याच्या गावी स्वतःचं काढावं असं दोघांच्याही मनात आहे. माझं माहेर जळगाव जिल्ह्यातलं. बँक कर्ज द्यायला तयार आहे. किती खाटांचं काढावं? जागा विकत घ्यावी की भाड्याने?
— एक डॉक्टर दांपत्य, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रात खाटा आहेत, कर्ज आहे, जागा आहे, माहेरसुद्धा आहे. भूलतज्ज्ञ मात्र कुठेच नाही. नवे डॉक्टर सल्ला विचारायला येतात तेव्हा बहुतेकांचं हेच होतं, म्हणून आधी त्यावरच बोलते.

मेडिकल कॉलेजात भूल देणारी मंडळी थिएटरात असतातच. आपण हात धुऊन आत जातो तेव्हा पेशंट तयार असतो. ही माणसं येतात कुठून, हा विचार सात-आठ वर्षांत एकदाही करावा लागत नाही. तालुक्याला असा माणूस एक असतो, फार तर दोन. तो तुमचा असतो, सर्जनचा असतो, हाडांच्या डॉक्टरांचा असतो आणि शेजारच्या तालुक्यातल्या आणखी तिघांचाही असतो. रात्री दोन वाजता बाळाचे ठोके उतरले म्हणून तुम्ही सिझर ठरवता, तेव्हा तो दुसऱ्या गावात कुणाच्या तरी फुटलेल्या अपेंडिक्सपाशी अडकलेला असतो. निर्णय झाल्यापासून तीस मिनिटांच्या आत सिझर, असं आपण परीक्षेत लिहितो. इथे त्यातली पंधरा मिनिटं फोन लावण्यात जातात.

म्हणून जागा बघायच्या आधी त्या गावात चार दिवस राहा आणि भूलतज्ज्ञाच्या घरी जाऊन बसा. कुठे कुठे जाता, रात्री निघता का, पावसाळ्यात कोणता रस्ता बंद पडतो, मुलं कितवीत आहेत, सगळं विचारा. शेवटचा प्रश्न चांभारचौकशी वाटेल. पण मुलगी नववीत असली तर अकरावीला बिऱ्हाड नाशिकला हलायची शक्यता मोठी, आणि तुमचं कर्ज तर दहा वर्षांचं.

तो मिळाला की टिकवणं ही तुमची जबाबदारी. मी काय करते ते सांगते. ठरवून करायची ऑपरेशनं आठवड्यातल्या दोन दिवशी एकत्र ठेवते, म्हणजे त्यांची फेरी वाया जात नाही. त्यांची फी ते गाडीत बसायच्या आत हातात देते. पेशंटचं बिल झालं की देते, हे वाक्य मी आजवर उच्चारलेलं नाही. पेशंटने मला कधी पैसे द्यायचे हा माझा आणि पेशंटचा व्यवहार. सक्शन चालू आहे का, ऑक्सिजनचा दुसरा सिलिंडर भरलेला आहे का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, हे ते यायच्या आत आमच्या सिस्टर तपासून ठेवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांनी ‘आज नको’ म्हटलं की आज नको. नातेवाईक चिडतात, तासभर धुसफुस होते. पण हिमोग्लोबिन सहा असलेल्या बाईला भूल द्यायला भिडेखातर तयार होणारा भूलतज्ज्ञ मला नकोच आहे. ते लग्नाकार्याला गावाला जाणार असले की मला आठवडाभर आधी कळवतात, आणि त्या दिवसांत तारीख असलेल्या बायकांना मी तसं आधीच सांगते. त्यातल्या काही दुसरीकडे जातात. जाऊ देत.

आधीच्या पिढीतल्या काही सर्जननी स्वतःच कण्यात इंजेक्शन देऊन स्वतःच ऑपरेशनं केली, कारण दुसरं कुणी नव्हतंच. त्यांना नावं ठेवायला मी धजत नाही. आज मात्र तुम्ही तसं करू नका. पेशंटचं बीपी एकदम पडलं, तर तुमचे दोन्ही हात गर्भाशयात असतात.

भूलतज्ज्ञानंतर रक्त. तापी ओलांडली की आमच्या शेजारी दोंडाईचा. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांचं नाव तुम्ही ऐकलं नसेल तर ऐका. हर्नियाच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं निर्जंतुक केलेलं कापड चालतं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांच्यासारख्यांची ‘असोसिएशन ऑफ रूरल सर्जन्स ऑफ इंडिया’ ही संघटना रक्ताच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं बोलते आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त देणारे बंद झाले, रक्तपेढ्यांच्या परवान्याचे नियम कडक झाले. ते हवंच होतं. पण त्याबरोबर, नातेवाइकाचं रक्त तिथल्या तिथे तपासून, जुळवून थेट द्यायची खेड्यातल्या सर्जनची वाटही बंद झाली. मोठ्या शहरातल्या रक्तपेढीसाठी लिहिलेला नियम, जिथे रक्तपेढीच नाही अशा गावालाही तसाच लावला गेला, असं माझं मत आहे. कायद्यात बसणारा मार्ग म्हणजे मोठ्या रक्तपेढीशी जोडलेलं साठवणूक केंद्र. तिथे दोन ते सहा अंश तापमानाच्या फ्रीजमध्ये पिशव्या ठेवता येतात. नेहमीच्या पिशवीतलं रक्त पस्तीस दिवस टिकतं. तुमच्या गावात असं केंद्र आहे का, रात्री त्याचं कुलूप कोण उघडतं, आणि ओ निगेटिव्ह किती मिळतं, हे तिथे उभं राहून बघून या.

रक्त येईपर्यंतचा वेळ मात्र तुम्हालाच निभवायचा असतो. बाळंतपणानंतर रक्त थांबेना झालं तर ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड, मिसोप्रोस्टॉल, कार्बोप्रोस्ट एकाच डब्यात हाताशी हवं, यातलं थंडाव्यात ठेवायचं ते फ्रीजमध्ये, आणि फ्रीज इन्व्हर्टरवर. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी कंडोम, कॅथेटर आणि सलाईन वापरून गर्भाशयात फुगा करायची पद्धत बसवली. तो संच निर्जंतुक करून लेबर रूममध्ये तयार असतो आमच्याकडे. महाग फुगा आणायची गरज मला अजून भासलेली नाही.

आता तुमचे मूळ प्रश्न. दहा खाटा पुरेत. जागा भाड्याने घ्या आणि तळमजल्यावर घ्या, लिफ्ट बंद पडली की स्ट्रेचर जिन्यात वळत नाही. बोअरला उन्हाळ्यात पाणी असतं का ते शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको. मागे मोकळं अंगण हवंच. एका बाळंतिणीबरोबर पाच-सहा माणसं येतात, त्यांना भाकरी भाजायला, अंग टाकायला जागा लागते. वास्तुविशारद हे नकाशात कधीच दाखवत नाहीत आणि मग तीच माणसं पार्किंगमध्ये चूल मांडतात. कागदपत्रांचं म्हणाल तर १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी, सोनोग्राफी मशीनची वेगळी नोंदणी, गर्भपात केंद्राची मान्यता, प्रदूषण मंडळाचं संमतिपत्र, अग्निशमनाचा दाखला. जैविक कचरा अठ्ठेचाळीस तासांच्या आत उचलला गेला पाहिजे, तर गाडी तुमच्या गावापर्यंत खरंच येते का हे करार करायच्या आधी बघा. हे सगळं कंटाळवाणं आहे, पण होतं.

नवरा बालरोगतज्ज्ञ आहे, ही मोठी जमेची बाजू. बाळ रडलं नाही तर तुम्हाला दुसऱ्या कुणाकडे बघावं लागणार नाही. उत्साहाच्या भरात पहिल्याच वर्षी व्हेंटिलेटर घेऊ नका, एवढंच त्यांना सांगा. तो चालवायला रात्रपाळीच्या सिस्टर तयार व्हायला वेळ लागतो, आणि हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो.

प्रश्न : माझ्या बहिणीला सिकलसेल आहे. एका खासगी डॉक्टरांनी सातव्या महिन्यापर्यंत तपासलं आणि मग ‘बाळंतपण आमच्याकडे होणार नाही, धुळ्याला जा’ असं सांगितलं. तज्ज्ञ म्हणवतात आणि अवघड केस आली की हात वर करतात. असं का?
— एक शिक्षक, ता. अक्राणी

उत्तर : गुरुजी, तुमचा राग मला समजतो. डोंगरातून उतरून शहाद्यापर्यंत यायलाच अर्धा दिवस जातो आणि तिथून पुढे धुळं. पण त्या डॉक्टरांनी सातव्या महिन्यात सांगितलं, नवव्या महिन्यात कळा चालू असताना मध्यरात्री नाही, यात त्यांनी तुमच्या बहिणीचं भलंच केलं. पहिल्याच तपासणीला सांगून हातात चिठ्ठी दिली असती तर आणखी बरं झालं असतं, हे मात्र खरं.

सिकलसेलमध्ये दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. एक वाहक, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच तो दोष आलेला. अशा बाईचं बाळंतपण बहुधा इतरांसारखंच होतं. माझ्याकडे भिल्ल आणि पावरा समाजातल्या कितीतरी वाहक बायका येतात आणि सुखरूप घरी जातात. दुसरा प्रकार म्हणजे दोन्हीकडून आलेला, खरा आजार. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर मोडतात. गरोदरपणात रक्त आणखी कमी होतं, हाडं-सांधे असह्य दुखण्याचे झटके येतात, छातीत दुखून श्वास लागू शकतो, बीपी वाढू शकतं, जंतुसंसर्ग पटकन होतो. अशा बाईला बाळंतपणात रक्त लागलं तर ते नीट जुळवलेलं हवं, पुरेसं हवं, आणि अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत हवा. माझ्याकडे यातलं निम्मंच आहे. म्हणून वाहक मी ठेवून घेते, आजार असलेली ठेवत नाही. शिकले नाही म्हणून नव्हे. रात्री तीन वाजता ज्याची गरज पडेल ते माझ्या इमारतीत नाही म्हणून.

गावातल्या शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी फक्त ‘आहे की नाही’ एवढंच सांगते. वाहक की आजारी, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. बहिणीची ही झालेली नसेल तर लगेच करून घ्या. मेहुण्यांचीही करा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. दर वेळी चारात एक. पहिलं मूल निरोगी निघालं म्हणून दुसऱ्याची शक्यता वाढत नाही की कमी होत नाही, हे मला रोज कुणाला तरी समजावून सांगावं लागतं.

आता करायचं काय ते. ज्या डॉक्टरांनी सातव्या महिन्यापर्यंत तपासलं त्यांच्याकडून सगळे कागद आणि रक्तगटाची नोंद मागून घ्या, तुमचा तो हक्क आहे. त्याच आठवड्यात नंदुरबारच्या किंवा धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात नाव नोंदवा. सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या चालू असतील तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा, गरोदरपणात त्या सहसा बंद करतात. पाणी भरपूर पाजा, थंडीत उघडं पडू देऊ नका. ताप, छातीत दुखणं, धाप यांपैकी काहीही झालं तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. आणि तारखेच्या दोन आठवडे आधी तिला शहरात कुणा नातेवाइकाकडे आणून ठेवा. हा शेवटचा सल्ला सगळ्यात साधा आहे आणि सगळ्यात कमी पाळला जातो, कारण घरी म्हशी असतात आणि धाकटी पोरं असतात. तुम्ही मास्तर आहात, तुमचं ऐकतील.

प्रश्न : मी बाजाराच्या गावात बीएएमएस डॉक्टर आहे. पेशंट पाठवला की मोठी रुग्णालयं पाकीट पाठवतात, दिवाळीला भेटवस्तूही. तुम्ही काहीच देत नाही असं ऐकून आहे. मग तुमच्याकडे पेशंट का पाठवावा? स्पष्ट विचारतो, राग नसावा.
— एक डॉक्टर, धुळे जिल्हा

उत्तर : राग कशाला? पाठीमागे बोलणाऱ्यांपेक्षा तुम्ही बरे.

कट घेणं-देणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत बंद आहे, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. त्या कलमाच्या जोरावर आजवर कुणी थांबलेलं मी पाहिलं नाही. म्हणून पैशाचा हिशेबच मांडते. तुम्हाला गेलेलं पाकीट शेवटी पेशंटच्या बिलातूनच येतं. पेशंट तुमच्याच गावचा. तो सिझरसाठी शेळ्या विकतो, आणि पुढच्या महिन्यात पोराच्या तापासाठी तुमच्याकडे येतो तेव्हा उधार मागतो.

पाकिटाऐवजी मी काय देते? तुम्ही पाठवलेल्या पेशंटचं काय झालं ते मी त्याच दिवशी फोनवर सांगते. घरी सोडताना चिठ्ठी देते: काय सापडलं, काय केलं, टाके कधी काढायचे, कुठल्या लक्षणावर परत पाठवायचं. टाके तुम्ही काढा, ड्रेसिंग तुम्ही करा, त्याची फी तुम्ही घ्या. ते तुमचं काम आहे आणि तुम्हाला चांगलं जमतं. तुमच्या पेशंटला सर्दी-खोकला झाला तर मी औषध लिहीत नाही, तुमच्याकडे परत पाठवते. तुम्ही दिलेल्या इंजेक्शनबद्दल पेशंटसमोर तोंड वाकडं करत नाही. काही बोलायचं असलं तर रात्री फोन करून तुम्हालाच बोलते, आणि तेव्हा मात्र हातचं राखत नाही.

सुरुवातीची काही वर्षं माझ्या ओपीडीत दुपारी माश्या होत्या. जे डॉक्टर पाठवत होते ते माझ्यासाठी नव्हे, पेशंट जिवंत परत येते म्हणून पाठवत होते. आजही तालुक्यातले काही जण पाठवत नाहीत. त्यातल्या एकांनी स्वतःच्या सुनेला मात्र माझ्याकडेच आणलं होतं. मी चहा पाजला, बिल पूर्ण घेतलं.

प्रश्न : माझी मुलगी एम.डी. होते आहे आणि खेड्यात जायचं म्हणते. तिच्या आईला काळजी आहे. पोटापुरतं मिळेल का? लोक पैसे बुडवतात का?
— एक वडील, अमळनेर

उत्तर : वहिनींना सांगा, पोटापुरतं नक्की मिळेल. पुण्यातल्या वर्गमैत्रिणीइतकं नाही, आणि तिचं घर बघून आल्यावर आठवडाभर मुलगी जरा गप्प असेल. चालायचंच.

लोक बुडवत नाहीत, उशिरा देतात. इथे पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. कापूस विकला की येतो, केळीची गाडी भरली की येतो, ऊसतोडीची उचल मिळाली की येतो. दिवाळीच्या सुमारास इथल्या टोळ्या गुजरातेत बारडोली-सुरतेकडे ऊसतोडीला जातात, गरोदर बायकासुद्धा. त्यांची आधीची बाकी राहिलीच तर होळीपर्यंत विसरायची. होळीला सातपुड्यातला माणूस जिथे असेल तिथून घरी येतो, आणि येताना बहुतेक जण माझ्या काउंटरवर वाकून जातात. होळीआधी आदिवासींचे भोंगऱ्याचे बाजार भरले की उलटी गंमत होते: टाके ओले असलेली बाईसुद्धा खाटेवर राहायला तयार नसते. तेव्हा मी बिलाचं नाव काढत नाही, अँटिबायोटिक संपवायची शपथ घालते.

टोळीबरोबर जाणाऱ्या गरोदर बाईचे सगळे कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रक्तगट ठळक लिहून देते. फडावरच्या पालात कागद भिजतात. हे उत्पन्नाबद्दलचं नाही, पण तुमच्या मुलीच्या कामाला येईल.

उधारीची वही ठेवावी, पण तिने स्वतः सांभाळू नये. मी तपासते आणि मीच मागते, असं झालं की पुढच्या वेळी पेशंट लाजून येतच नाही. आमच्याकडे वही कंपाउंडर भाऊंकडे आहे. कुणाला किती सोडायचं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. कुणाच्या घरी खरंच नाही आणि कुणी नवी मोटरसायकल घेतली, हे त्यांना ठाऊक असतं.

प्रश्न : सोनोग्राफीला गेलं की आधार कार्ड, पत्ता, सह्या, भला मोठा फॉर्म. आम्ही काय चोर आहोत का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : तुम्ही नाही हो. तो ‘एफ’ फॉर्म आहे. गर्भलिंग निवडीविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी तो भरावाच लागतो आणि मागच्या महिन्याचा सगळा हिशेब पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत द्यावा लागतो. त्यात एक रकाना चुकला तरी मशीनला सील लागू शकतं. मला तो फॉर्म आवडतो असं नाही. एका ओपीडीत लिहिण्यातच बोटं दुखतात. पण ‘काय आहे ते नुसतं डोळ्यांनी सांगा’ म्हणणाऱ्या सासूबाई आणि सासरे अजूनही येतात, चांगल्या गाडीतून येतात, आणि त्यांना भिंतीवरचा फलक दाखवला की मला फार बोलावं लागत नाही. तुम्ही फक्त आधार कार्ड घरून निघताना आठवणीने घ्या.

प्रश्न : मी गावची सरपंच आहे. आमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा रिकामी आहे. खासगी तज्ज्ञ डॉक्टर गावात यावेत म्हणून ग्रामपंचायतीने काय करावं? जागा द्यायची तयारी आहे.
— एक सरपंच, ता. तळोदा

उत्तर : सरपंचताई, जागा देऊ नका. खरंच सांगते. एवढ्या लोकसंख्येवर तज्ज्ञाचं रुग्णालय चालणार नाही. डॉक्टर येतील, वर्षभरात जातील आणि इमारतीत पुढे खताची पोती ठेवली जातील. तज्ज्ञ तालुक्यालाच राहू द्या. तुमच्या बाईला तिथवर वेळेत पोचवण्यावर जोर लावा.

तुमच्या ग्रामीण रुग्णालयात थिएटर आहे का, चालू आहे का, ते आधी बघा. असेल तर राष्ट्रीय आरोग्य अभियानातून खासगी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञांना केसमागे मानधन देऊन बोलावता येतं. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा विषय लेखी मांडा आणि इतिवृत्तात आला की नाही ते वाचून बघा. मानधन मात्र वेळेवर निघायला हवं. वर्ष-वर्ष बिलं अडकली की बोलावूनही कुणी येत नाही, आणि मग ‘खासगी डॉक्टरांना सामाजिक भान नाही’ अशी भाषणं होतात.

दुसरं, दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून तपासणी होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान, २०१६ पासून चालू आहे. त्यात खासगी डॉक्टरांनीही यावं अशी अपेक्षा आहे आणि मी जाते. त्या दिवशी तुमच्या आशाताईंनी गावातली प्रत्येक गरोदर बाई गाडीत घालून आणली, तर बीपी वाढलेली, रक्त कमी असलेली, आडवं मूल असलेली, सगळ्या आधीच सापडतात. ग्रामपंचायतीने त्या एका दिवसाच्या गाडीचा खर्च करावा. माझ्या दारात रात्री बीपी वाढून झटके येत असलेली बाई येते, तेव्हा तिच्या कार्डावर मागचे तीन महिने बीपीचा रकाना कोरा असतो.

प्रश्न : मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहान गावात रात्री एकट्या बाईने रुग्णालय सांभाळायचं, याची भीती वाटत नाही का?
— एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : गावाची वाटत नाही. सगळं गाव ओळखतं, दूधवाल्यापासून फौजदारापर्यंत. भीती वाटते ती पेशंट दगावण्याची आणि त्यानंतरच्या पहिल्या तासाची. डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांसाठी राज्यात २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे. त्याचा फलक लावा. पण जमाव फलक वाचत नाही.

मी दोन गोष्टी पाळते. प्रकृती बिघडू लागली की त्याच क्षणी घरातल्या मोठ्या माणसाला आत बोलावते आणि काय चाललं आहे ते दाखवते. सगळं संपल्यावर बाहेर येऊन सांगणं लोकांना फसवल्यासारखं वाटतं. आणि वाईट बातमी मी स्वतः सांगते, बसून सांगते, सिस्टरला पुढे करत नाही. केसपेपरवर प्रत्येक नोंद वेळेसकट त्याच वेळी लिहिते. रात्री दवाखान्यात एक सिस्टर, एक मावशी आणि एक पुरुष कर्मचारी असतोच. पगारात काटकसर करायची झाली तर ती यात नाही. आमचे हे कॉलेजात शिकवतात, वैद्यकातलं त्यांना काही कळत नाही, पण अशा रात्री खाली येऊन नातेवाइकांत नुसते बसतात. त्याचा उपयोग होतो.

प्रश्न : तुमच्यानंतर हे रुग्णालय कोण चालवणार?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : मुलगी चालवणार नाही. तिने मेडिकलला जायचं नाही असं दहावीतच ठरवलं होतं; आईला एकही सिनेमा मध्यंतरानंतर बघायला मिळाला नाही हे तिने पाहिलं आहे. मी वादही घातला नाही.

मला इमारत विकायची नाही. एखादं तरुण जोडपं मिळालं तर पहिली दोन वर्षं भाडं न घेता चालवायला द्यायची तयारी आहे. मी सकाळची ओपीडी बघेन, रात्रीचं त्यांनी बघावं. कट नाही, लिंगनिदान नाही, आणि भूलतज्ज्ञांची फी गाडीत बसायच्या आत, एवढ्या अटी. बोलणी एकदा सुरू झाली होती, शाळेवरून फिसकटली. इथल्या शाळा त्यांना पसंत पडल्या नाहीत. पुण्याच्या त्या दांपत्याने मनावर घेतलं तर संपादकांकडून माझा पत्ता घ्यावा. फक्त आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात येऊ नये. तेव्हा सगळ्या लेकी माहेरी आलेल्या असतात आणि प्रत्येक आईला आपली लेक माझ्याकडून एकदा तपासून घ्यायची असते. बोलायला सवड मिळायची नाही.